उपचार सुरू

किझिलोर्दाच्या बाजारात ओरिनबासारला आता 'मेलेल्यांचा पोस्टमन' म्हणतात. खरबूज विकणाऱ्या बायकासुद्धा तो दिसला की एकमेकींना कोपरखळी मारतात. "फोन लपव गं, आला बघ," म्हणून खिदळतात. त्यांतल्या एकीचा नवरा आमच्याच इस्पितळात वारला होता, आणि हे सगळं घडलं त्या दिवशी तिलाही मेसेज आला होता, तरी ती खिदळते. मला त्या बाईचा राग येतो. माझं नाव राबिगा. प्रांताच्या मोठ्या इस्पितळात मी नोंदणीच्या खिडकीत बसते, आणि माझ्या जिभेला हाड नाही हे सगळ्या शहराला ठाऊक आहे. म्हणून हे मीच सांगते. बाकीचे एक तर हसतील, नाहीतर नको तिथे रडतील.

ओरिनबासार तेव्हा चाळिशीला टेकला होता. अंगाने ऐसपैस, सदा घामेजलेला, शर्टाचं पोटावरचं बटण कायम तुटलेलं. मूळचा अरालकडच्या गावचा. तिकडचा समुद्र आटला तशी माणसं पांगली. हा आईला आणि धाकट्या भावाला घेऊन शहरात आला. आमच्याकडे कॉम्प्युटर दुरुस्तीला म्हणून लागला आणि हळूहळू रुग्णांचा अख्खा डेटाबेस त्याच्या गळ्यात पडला, कारण दुसऱ्या कुणाला तो नको होता. त्याला 'नाही' म्हणता येत नसे. डॉक्टरांच्या घरचे पडदे टांगायला ओरिनबासार, थंडीत आखडलेली गाडी ढकलायला ओरिनबासार, लग्नात मेंढ्याचे पाय धरायला ओरिनबासार. उपसंचालक सापारगाली तर त्याला शीळ घालून बोलवायचा. कॉरिडॉरमध्ये शीळ घुमली की हा आपला धापा टाकत हजर, आणि परिचारिका तोंडावर हात ठेवून हसतायत. मी एकदा त्याला म्हटलं, "अरे, कुत्रंसुद्धा शीळ ऐकून क्षणभर विचार करतं." तर म्हणतो, "जाऊ द्या हो ताते, हाक मारून त्यांचा घसा बसायचा." मला तो ताते म्हणायचा, थोरल्या बहिणीला म्हणतात तसं. असल्या माणसाला काय बोलणार?

घरीही काही वेगळं नव्हतं. आई कांझिपा, पोटच्या पोरांसकट सगळे तिला आपाच म्हणत, मोठी खमकी बाई, पण तिचा सगळा जीव धाकट्यावर, मेदेतवर. ते ती लपवतही नसे. ओरिनबासारने पाण्याचा हंडा उचलून आणला तरी म्हणायची, "मेदेत असता तर न सांडता आणला असता." मेदेत ट्रक चालवायचा, हसरा होता, गाणी म्हणायचा, आईला उचलून गोल फिरवायचा. ओरिनबासारला भावाचा हेवा वाटत नसे. त्यालाही मेदेतच जास्त आवडायचा.

जानेवारीत मेदेतचा ट्रक बर्फावरून घसरला. आमच्याच इस्पितळात तिसऱ्या मजल्यावर आठवडाभर होता, आणि गेला. त्याच वेळी कांझिपा आपा हृदयाच्या ऑपरेशनसाठी अस्तानात होती. डॉक्टरांनी ओरिनबासारला बजावलं होतं की म्हातारीला जराही धक्का बसता कामा नये. त्याने भावाला माती दिली, आणि दुसऱ्या दिवशी आगगाडीत बसून आईच्या उशाशी कोरड्या चेहऱ्याने जाऊन बसला. आईला सांगितलं, मेदेत कोरियाला कामाला गेला, कारखान्यात फोन ठेवू देत नाहीत. आमच्याकडे हे जमतं. अख्खी गल्ली मूग गिळून बसते. आपा बरी होऊन घरी आली तरी कुणी एक शब्द काढला नाही. ती मात्र सगळ्यांना सांगत सुटली, "मेल्याला तिथे कुणीतरी बारीक डोळ्यांची गाठली असणार, म्हणून आईची आठवण नाही." आणि शेजारणी हसून मान डोलवत.

आता हे समजून घ्यायला हवं. आमच्यात मरणाची बातमी कुणी फटकन सांगत नाही. वडीलधारे जमतात, धुतलेले कपडे घालून येतात, चहा घेतात, गुराढोरांचं बोलतात, मग त्यांतला थोरला माणूस हातावरून उडून गेलेल्या ससाण्याची गोष्ट काढतो. तोवर ऐकणाऱ्या बाईच्या दोन्ही बाजूंना दोन बायका येऊन टेकलेल्या असतात. ती मधेच समजते, आणि पडली तर कुणाच्या तरी अंगावर पडते. फोनवर मरण सांगणारा आमच्यात माणसातून उठतो.

इस्पितळात याची अडचण होती. नातेवाईक माझ्या खिडकीला फोन करत, "आमचा अमका कसा आहे?" मी कॉम्प्युटरमध्ये जे लिहिलं असेल ते वाचून दाखवी. माझ्या आधी तिथे बसणाऱ्या बाईने एका गरोदर पोरीला असंच धाडकन वाचून दाखवलं होतं. तेव्हापासून एक रीत पडली. माणूस गेला तरी डेटाबेसमध्ये 'मृत' लिहायचं नाही, 'उपचार सुरू' तसंच राहू द्यायचं. घरचे वडीलधारे येऊन "सांगून झालं" म्हणाले की मग बदलायचं. मृत्यूचा दाखला वेगळ्या खात्यातून मिळे, खाटांचा हिशेब परिचारिका निराळा ठेवत, त्यामुळे कुणाचं काही अडत नसे. आणि "सांगून झालं" म्हणायला परत येतो कोण? ज्या इमारतीत आपला माणूस गेला तिची पायरी पुन्हा चढवत नाही. त्यामुळे कित्येक वर्षांचे मेलेले लोक आमच्या डेटाबेसमध्ये अजून उपचार घेत पडले होते. मेदेतसुद्धा. आम्हाला त्यात खोटेपणा वाटतच नव्हता.

सप्टेंबरात ओरिनबासार माझ्याकडे चहाला आला तेव्हा जरा मोकळा दिसला. भावाचा वर्षश्राद्धाचा 'आस' जवळ येत होता. घोडा कापायचा, सगळं गाव जेवणार, तेव्हा त्याआधी आईला सांगणं भाग होतं. मेदेतचे थोरले काका तोबागाबिल आगा गावाहून दोन म्हाताऱ्यांना घेऊन शुक्रवारी येणार होते. डॉक्टरही हो म्हणाले होते. "ताते, तुम्हीसुद्धा या," तो म्हणाला. "आपाच्या डाव्या बाजूला बसा. तुम्ही मजबूत आहात, ती पडली तर सावराल."

"आणि तू कुठे बसणार?"

"मी दाराशी. तिला माझं तोंड बघवणार नाही त्या वेळी. पण नीट सांगितलं गेलं ना, की मग ती मला जवळ घेईल. मग मलाही रडता येईल."

एवढंच त्याला हवं होतं. आठ महिने तो त्या शुक्रवारची वाट बघत होता.

त्याच आठवड्यात वरून हुकूम आला होता. आमचा डेटाबेस आल्माटीच्या एका कंपनीच्या क्लाउडला जोडायचा. ओरिनबासारने मला ते भातखाचरांच्या भाषेत समजावलं होतं. "नदीला पाट काढतात ना, तसं. इथे डेटाबेसमध्ये एक ओळ लिहिली किंवा बदलली की ती त्याच क्षणी पाटातून वाहत तिकडे जाते. तिथून ज्याला हवी तो उचलतो. मंत्रालय आपल्या पडद्यावर आकडे दाखवतं, आणि मेसेजवाली यंत्रणा नातेवाइकांच्या फोनवर कळवते."

"आणि पाट सांभाळायचा कुणी?"

"ते त्यांचं काम. आपण फक्त आपलं टोक जोडायचं, त्याला कनेक्टर म्हणतात. पुढे काही तुंबलं, फुटलं, तर त्यांची माणसं बघतात. आपल्याला झोप लागते म्हणे."

बुधवारी सकाळी जोडणी होती. सापारगालीने केक मागवला होता, नवा टाय घातला होता, आणि खालच्या दालनात भिंतीवर हा एवढा मोठा पडदा लावून घेतला होता. प्रांताच्या अकीमच्या, म्हणजे प्रांतप्रमुखाच्या, कचेरीतले लोक दुपारी बघायला येणार होते. कंपनीचा दामिर नावाचा माणूस आल्माटीहून फोनवर होता, आवाज मधासारखा गोड. कॉम्प्युटरने विचारलं, आजपासूनचे बदल पाठवू, का आधीपासून साठलेल्या सगळ्या ओळी सुरुवातीपासून पाठवू? ओरिनबासार सापारगालीला अदबीने म्हणाला, "सापेके, आजपासूनचंच घेऊ या. जुनं फार आहे."

"आजपासून?" सापारगाली म्हणाला. "म्हणजे अकीमच्या माणसांसमोर पडद्यावर दोन खोकल्याचे पेशंट दाखवू? सगळं पाठव. पडदा भरलेला दिसला पाहिजे. पोट एवढं मोठं आणि काळीज चिमणीचं."

सगळे हसले. ओरिनबासारही हसला, आणि त्याने सगळं पाठवलं. मी तिथेच होते, हातात केकची बशी. जुन्या ओळींत कोण पडलंय हे मला आठवलं नाही. कुणालाच आठवलं नाही. तिकडच्या यंत्रणेला जुनं काय नि नवं काय, जी ओळ वाहत आली ती बातमी.

मी खिडकीत परतले तर सगळे फोन एकदम वाजत होते. पहिला उचलला. एक बाई कुजबुजत म्हणाली, "मला मेसेज आलाय. माझा नवरा दुसऱ्या मजल्यावर उपचार घेतोय, भेटायची वेळ चार ते सहा. अहो, आम्ही मग पुरलं कुणाला?"

तिने पुन्हा विचारलं, आणि या खेपेला तिच्या आवाजात आशा होती. मी फोन खाली ठेवला.

मग माणसंच यायला लागली. कुणी शिव्या देत आले, ते बरे. पण काही जण केस विंचरून, फळं घेऊन आले. एक शाळामास्तर, चांगला शिकलेला माणूस, मला खिडकीतून समजावत होता, "कफनात चेहरा सुजलेला होता हो, नीट ओळखू येत नव्हता. चूक होऊ शकते. तुम्ही फक्त वर जाऊन एकदा बघा." मी म्हटलं, "आगा, घरी जा." तो म्हणाला, "बाई, तुझं काय जातं बघायला?" आणि पहारेकऱ्याने त्याला दंडाला धरून बाकावर बसवलं. पडद्यावर आकडे झरझर वाढत होते. छान दिसत होतं सगळं.

गर्दीतून पांढरा शुभ्र रुमाल बांधलेली कांझिपा आपा आली. एका हातात गरम सोर्पाचा, मटणाच्या रश्शाचा थर्मास, दुसऱ्या हातात मांसाचं आणि तळलेल्या बाउरसाक पुऱ्यांचं गाठोडं. चेहरा असा फुललेला की मी तिला आधी ओळखलंच नाही.

"राबिगा, पोरी, कुठाय तो?"

"कोण आपा?"

"माझा मेदेत! शेजारच्या नव्या सुनेने मेसेज वाचून दाखवला. तिसरा मजला. बघितलंस? मला कोरिया कोरिया सांगतात आणि पोरगं माझं इथे पडलंय. आजारी होऊन परत आलं असणार, मला धक्का बसू नये म्हणून त्या ठोंब्याने लपवलं. येऊ दे त्याला, कान उपटते. राबिगा, फार लागलंय का गं? पाय गेला असला तरी चालेल मला. पाय गेला तर घरी तरी बसेल."

मी तिला म्हटलं, भेटायची वेळ चारला, तोवर बसा. बाकावर जागा करून दिली. ती शेजारच्या बाईला गाठोडं उघडून दाखवू लागली.

मी जिने चढून वर गेले तेव्हा सापारगाली ओरिनबासारच्या डोक्यावर उभा होता. "माझा सत्यानाश केलास! मुडद्यांना खाटा दिल्यास! आत्ताच्या आत्ता सगळं दुरुस्त कर. जो मेलाय त्याच्यापुढे मेला लिही. अकीमचे लोक आले आणि पडद्यावर मुडदे औषध घेताना दिसले तर तुला जिवंत गाडीन."

मी ओरिनबासारला बाजूला घेऊन सांगितलं, तुझी आई खाली बसलीय. त्याने फोन काढला आणि तोबागाबिल आगांना लावला. "आगा, शुक्रवार नको, आज. आत्ता निघा. हो, दोघांना घेऊन. थेट इस्पितळात." मग मला म्हणाला, "ताते, चार-साडेचारला पोचतील ते. तोवर तिला काही कळू देऊ नका. तुम्ही खाली तिच्यापाशी बसा. माझं इथलं मी करतो."

त्याने आधी दामिरला फोन करून कनेक्टर थांबवायला लावला. पडद्यावरचे आकडे थिजले. "पाट बंद झाला ना?" त्याने विचारलं. "बंद," दामिर म्हणाला. मग ओरिनबासार दाखल्यांच्या खात्याशी एकेक नाव ताडून ओळी बदलू लागला. 'उपचार सुरू' पुसायचं, 'मृत' लिहायचं. पाट बंद आहे, तेव्हा यातलं काही बाहेर जाणार नाही, असं त्याला वाटत होतं. आम्हा सगळ्यांनाच वाटत होतं.

मेदेतच्या ओळीवर तो थांबला. "सापेके," तो म्हणाला, "ही एक राहू द्या. दोन तास फक्त. माझ्या भावाची आहे."

सापारगाली म्हणाला, "का? तुझ्या घरचा मेला तो काय कमी मेला?"

हे शब्द ऐकून मी त्या माणसाच्या तोंडाकडे बघितलं. तिथे काहीच नव्हतं, साधं घाईत असलेलं तोंड. मी काहीतरी बोलणार होते, पण ओरिनबासारने बटण दाबलंसुद्धा. पाट बंदच आहे, असं तो स्वतःशी पुटपुटला.

मी खाली येऊन आपाशेजारी बसले. तिने मला एक बाउरसाक जबरदस्तीने खायला लावला. मेदेत लहानपणी उंटावरून कसा पडला ते सांगितलं. मग आवाज खाली आणून म्हणाली, "राबिगा, मी त्या थोरल्याला फार टाकून बोलते. आज त्याच्यावर रागावणार नाही. भावाला गुपचूप सांभाळलंन् त्याने. मला त्याचा अभिमान वाटतोय गं." मी म्हटलं, "हे त्याला सांगा आपा." "सांगते ना," ती म्हणाली, "येऊ दे खाली."

चार वाजायला आले तशी अकीमची माणसं आली. सापारगाली त्यांना पडद्यासमोर घेऊन गेला. पडदा मेल्यासारखा गप्प. त्यातल्या एका टकल्याने विचारलं, "हे चालत नाही का?" सापारगालीने हसून खिशातून फोन काढला आणि दामिरला म्हणाला, "चालू करा, सगळं दुरुस्त झालंय." वर ओरिनबासारला विचारायचं त्याच्या मनातही आलं नाही. ज्याला शीळ घालतात त्याला विचारत नाहीत.

दामिरने तिकडे बसल्या जागी कनेक्टर चालू केला. फोन स्पीकरवर होता, त्यामुळे त्याचा गोड आवाज सगळ्यांनी ऐकला. "झालं. काळजी करू नका, मधल्या वेळातलं काहीही हरवलेलं नाही. आम्ही कुठवर वाचलं ती खूण ठेवलेली असते. जिथे थांबलं तिथून पुढे सगळं क्रमाने येतंय."

पाट बंद असताना जे लिहिलं होतं ते वाया गेलं नव्हतं. तोंडाशी साठून राहिलं होतं. पडद्यावर आकडे झरझर खाली यायला लागले, आणि दालनात कुणाचा तरी फोन वाजला. मग दुसरा. मग त्या कोपऱ्यात, मग दाराशी, मग बाकांच्या रांगेत एकामागून एक. शाळामास्तरने आपला वाचला आणि फळांची पिशवी तशीच खाली ठेवून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

आपाचा फोन तिच्या मांडीवर वाजला. ती उठायलाच लागली. "बोलावलं बघ वर. वाच गं राबिगा, माझा चष्मा घाईत घरी राहिला."

मी वाचलं. 'आपले रुग्ण मेदेत मरण पावले आहेत. आम्ही आपल्या दुःखात सहभागी आहोत. आमची सेवा कशी वाटली? एक ते पाच गुण द्या.'

माझ्या जिभेला हाड नाही म्हणतात ना? त्या दिवशी जीभच नव्हती. आपा म्हणाली, "काय गं? वॉर्ड बदलला?" मी हो म्हणायला तोंड उघडलं, इतक्यात पलीकडच्या बाकावरची एक बाई वाकून डोकावली. तिला नुकताच तसलाच आला होता, तिला आता कुणाचं काही वाटत नव्हतं. ती मोठ्याने म्हणाली, "आपा, तुमचाही मेलाय."

आपा हसली. खरंच हसली, कुणी थट्टा केली की हसावं तसं. मग तिने माझ्याकडे बघितलं. तिचे दोन्ही हात बाजूंना गेले, धरायला कुणी आहे का ते बघायला, आणि डावीकडे मी होते, उजवीकडे नुसतं गाठोडं होतं. ती उजवीकडे पडली. सोर्पा फरशीवर सांडला.

जिन्यावरून ओरिनबासार धावत आला. वर आपल्या कॉम्प्युटरवर त्याने आकडे घसरताना पाहिले होते. अर्ध्या जिन्यावरच त्याने हंबरडा फोडला, "हाय रे माझ्या भावा!" आपला माणूस गेला की पुरुषाने असंच ओरडत यायचं असतं, हात पसरून, आणि बायकांनी त्याला गळ्याशी घ्यायचं असतं. आठ महिने त्याने ती आरोळी पोटात धरली होती. अकीमची माणसं दचकून मागे सरली.

त्या दालनातल्या अनोळखी बायका आपाभोवती गोळा झाल्या होत्या. तिने एकेकीला मिठी मारली, प्रत्येकीच्या खांद्यावर रडली. मला मिठी मारली. तुमचाही मेलाय म्हणणाऱ्या त्या बाईलाही मारली. ओरिनबासार हात पसरून समोर येऊन उभा राहिला, तेव्हा तिने आपला तळवा त्याच्या छातीवर ठेवला आणि त्याला तेवढ्याच अंतरावर धरून ठेवलं.

"कधी?" तिने विचारलं.

"जानेवारीत, आपा."

"माती कुणी दिली?"

"मी. तोबागाबिल आगा होते. सगळं गाव होतं."

"सगळं गाव." ती म्हणाली. "आणि हे फोनात लिहिलंय ते कुणी लिहिलं?"

त्याला सांगता आलं असतं, यंत्राने. सांगता आलं असतं, सापारगालीने लिहायला लावलं. सापारगाली तिथेच होता, टाय सारखा करत. पण ओरिनबासारला कुणालाच नाही म्हणता येत नसे, आईला तर नाहीच.

"मी," तो म्हणाला.

तिचा हात त्याच्या छातीवरून खाली आला. तेवढ्यात दारातून तोबागाबिल आगा आणि ते दोन म्हातारे आत आले. तिघांचे कोट स्वच्छ, टोप्या झटकलेल्या, वाटेत ठरवलेली वाक्यं ओठांवर. त्यांना काही ठाऊक नव्हतं. आगांनी घसा साफ केला, कांझिपाची तब्येत विचारली, आणि हातावरून उडालेल्या ससाण्याचं पहिलं वाक्य बोललेसुद्धा.

"राहू द्या आगा," ती म्हणाली. "तुम्ही लांबून आलात. मला फोनने कळलं."

म्हाताऱ्याने टोपी काढली आणि पुन्हा घातली. पुढचं वाक्य तसंच तोंडात राहिलं.

ती त्यांच्याबरोबर गावाला निघाली. घरी नको, थेट कबरीवर चला म्हणाली. मी तिला धरून गाडीपर्यंत नेलं. ओरिनबासार मागून गाठोडं घेऊन आला. बाउरसाक त्याने फरशीवरून एकेक वेचून परत बांधले होते. त्याने गाडीचं दार उघडलं, आईला बसवलं, रुमालाचं टोक दारात अडकू नये म्हणून आत सारलं, आणि स्वतः बसायला पलीकडून वळला.

"तू थांब इथेच," कांझिपा आपा म्हणाली. "अजून कुणाकुणाला कळवायचं राहिलं असेल."

तो गाठोडं धरून उभा राहिला, आणि गाडी निघून गेली.